सोपाऱ्याची ईश्वरी आणि लाखाचा भात

वज्रस्वामींची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकींना पाठ असते. राजसभेत एका बाजूला आई सुनंदा खेळणी आणि खाऊ घेऊन बसलेली, दुसऱ्या बाजूला गुरूंनी पुढे धरलेले रजोहरण, आणि तीन वर्षांचे बाळ धावत जाऊन रजोहरण उचलते. पाठशाळेत मुलांना सांगायला ही गोष्ट सोपी जाते. त्यांचे शिष्य वज्रसेनसूरी यांची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. ती घडते आपल्या मुंबईजवळ, एका बंदरात, आणि त्यातही एका स्वयंपाकघरात.

बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. साधूंना गोचरी मिळेना. वज्रस्वामी आपल्या साधूंसह डोंगरावर अनशनाला गेले, आणि त्याआधी वज्रसेनांना त्यांनी सोपाऱ्याकडे पाठवले. जाताना एक खूण सांगितली. ज्या दिवशी लाख मोलाच्या अन्नातून तुला भिक्षा मिळेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल. वज्रसेन फिरत फिरत सोपाऱ्याला आले आणि जिनदत्त शेठांच्या दारी उभे राहिले. आत त्यांची पत्नी ईश्वरी चुलीपाशी बसली होती. एक लाख मोजून आणलेला शेवटचा तांदूळ शिजत होता. शेजारी विषाची पुडी होती. पैसा होता, पण त्या पैशाला विकत घ्यायला बाजारात धान्य उरले नव्हते. तेव्हा हा भात खाऊन नवरा, बायको आणि चार मुले, सगळ्यांनी एकदम संपायचे असे घरात ठरले होते.

मुनी दारात दिसले तसे तिने विष कालवायचे थांबून आधी त्यांना भात वहोरावला, आणि भाताची किंमत व घरातला बेत, दोन्ही सांगून टाकले. वज्रसेनांना गुरूंची खूण पटली. विष घालू नका, उद्या धान्य येते आहे, एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे सोपाऱ्याच्या बंदरात लागली. पुढे त्या घराने दीक्षा घेतली. चार मुलांची नावे नागेंद्र, चंद्र, निर्वृति आणि विद्याधर. त्यांच्यापासून चार कुळे निघाली असे आपली श्वेतांबर परंपरा मानते.

ही नावे तुम्ही ऐकलेली आहेत, फक्त कुठे ते लक्षात येत नाही. दीक्षेच्या वेळी नव्या साधू-साध्वीचे नाव पुकारताना गुरुमहाराज कोटिक गण, वयरी शाखा, चांद्र कुल असे म्हणतात ना? त्यातली वयरी शाखा वज्रस्वामींची आणि चांद्र कुल या सोपाऱ्याच्या चंद्राचे. नवांगी टीकाकार अभयदेवसूरी चांद्र कुळातले, हरिभद्रसूरी विद्याधर कुळातले. आबूच्या लूणवसहीची प्रतिष्ठा १२३१ साली करणारे विजयसेनसूरी नागेंद्र गच्छाचे. चारही मुलांची नावे इतिहासात गेली. चुलीपाशी बसलेल्या आईच्या नावाचे कुळ काही निघाले नाही. पण तिचे नाव गोष्टीत तरी टिकले, तेही त्या काळाच्या मानाने पुष्कळ म्हणायचे.

इतिहास म्हणून बघायचे तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कल्पसूत्राच्या स्थविरावलीत वज्रसेनांच्या चार शिष्यांची नावे वेगळी येतात, नागिल, पोमिल, जयंत आणि तापस. चंद्र, नागेंद्र वगैरे चार भावांची कथा नंतरच्या टीकांमधून आणि पट्टावलींमधून पुढे आली. म्हणून कथेतला शब्द अन् शब्द घडलेला आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ती रचणाऱ्यांना सोपारे चांगले ठाऊक होते. दुष्काळात जिथे धान्य आधी पोहोचेल अशी जागा म्हणजे बंदर, आणि पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा बंदर म्हटले की भडोचनंतर सोपारे, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

वज्रस्वामींचा काळधर्म परंपरेप्रमाणे वीर निर्वाण संवत ५८४ चा, म्हणजे इसवी सन ५७ च्या आसपासचा. आणि नेमक्या याच शतकात, इजिप्तकडून आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने बंदरांची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली. तिला पेरिप्लस म्हणतात. भडोचच्या दक्षिणेची बंदरे सांगताना तो ‘सुप्पारा’ हे नाव घेतो, आणि मग कल्याणचे. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याने ज्या गावांत धर्मशाळा बांधल्या त्यांत भडोच, मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन यांच्याबरोबर ‘शोर्पारग’ आहे. नाणेघाटात पाण्याचे एक टाके सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने दिलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यात एका खांबाचे दान सोपाऱ्याहून आलेल्या भिक्खूचे आहे. बंदरात माल उतरायचा, घाट चढून जुन्नर, पैठण, नाशिककडे जायचा, आणि वाटेत पाणी पाजण्याचे पुण्य गावचे लोक बांधून ठेवायचे. हे वाचताना मला आपल्याकडच्या पाणपोयांवरच्या संगमरवरी पाट्या आठवतात, ‘स्मरणार्थ’ लिहिलेल्या.

दुसरी ओळख तर तुम्हाला आयंबिलच्या ओळीतून आहेच. श्रीपाल राजा समुद्रपर्यटन करून परत येताना सोपाऱ्याला थांबतो, तिथल्या महसेन राजाच्या मुलीला, तिलकसुंदरीला साप चावलेला असतो आणि सिद्धचक्राच्या न्हवणाने ती उठून बसते. नऊ दिवस रास ऐकताना आपण ‘सोपारक’ ऐकतो आणि पुढे जातो. ते विरार लोकलवरचे नालासोपारा आहे हे माझ्या सासूबाईंना मी सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी रासात स्वतःची ओळ घातली.

आता पाठशाळेतला प्रश्न. आमच्या वडाळ्यात रविवारी आम्ही काही बायका मुलांना शिकवतो. तिथे ईश्वरीची गोष्ट सांगितल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘पण ती जैन होती ना? मग स्वतःच्या मुलांना विष कसं देत होती?’’ दुसरीने त्यावर विचारले की वज्रस्वामींनीही अन्न सोडले, मग त्यात आणि यात काय फरक? वर्ग शांत झाला. प्रश्न खरा होता आणि तो टाळण्यासारखा नव्हता. महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलींना कर्जापायी अख्खे घर संपल्याच्या बातम्या माहीत असतात.

मी जे सांगितले ते असे. अनशन गुरूंच्या संमतीने, सगळ्यांची क्षमा मागून, मनात राग-भीती न ठेवता होते. ते स्वतःपुरते असते. दुसऱ्याच्या ताटात ते वाढता येत नाही. ईश्वरीच्या हातात होती ती भीती, आणि ती सहा ताटांत वाढली जाणार होती. म्हणूनच गोष्टीत मुनी ते थांबवतात. ते कसे थांबवतात हेही मुलींना पाहायला सांगितले. विषाचे पाप किती, नरक कुठला, यावर ते व्याख्यान देत नाहीत. ते तिला बातमी देतात. उद्या जहाजे येणार आहेत. उपाशी घराला त्या क्षणी तेवढेच ऐकायचे होते.

माझे माहेर नगर जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात आजी चाळिशीत होती आणि आजोबांचे छोटे किराणा दुकान होते. आजी सांगायची, रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गावातल्या सगळ्या जातींच्या बायका होत्या, मुलांना सुकडी मिळायची, आणि रेशनवर तांबडा मिलो. तो परदेशातून जहाजाने यायचा. आजीला जहाज कसे असते ते ठाऊक नव्हते, तिने समुद्रच पाहिलेला नव्हता. तरी ‘बोट लागली का?’ हा प्रश्न त्या वर्षी दुकानात रोज विचारला जायचा असे ती सांगे. मिलोच्या भाकरीची चव विचारली तर मात्र तोंड वाकडे करायची.

आणि त्या बोटी लागायच्या कुठे, तर आमच्या वडाळ्याच्या दाराशी असलेल्या गोदीत. पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे होती, १९१५ साली सुरू झालेली, बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत. गोदीत उतरलेला माल वडाळ्याच्या यार्डात येऊन मोठ्या रेल्वेला जोडला जायचा आणि देशभर जायचा. लग्न होऊन इथे आले तेव्हा हे रूळ मला नुसते कचऱ्याने भरलेले वाटले होते. आज त्यांच्याकडे बघताना आजीचा मिलो आठवतो.

दुष्काळात आपला समाज कुठे उभा होता हाही प्रश्न आहे, आणि गोष्ट सांगताना तो गिळून टाकू नये. जिनदत्त शेठ होते, तरी त्यांचे कोठार रिकामे झाले. कच्छचा जगडूशा तेराव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात साठवलेले धान्य वाटत राहिला, म्हणून आपण त्याचे नाव अभिमानाने घेतो. पण १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी गुजराती-मारवाडी सावकारांची घरे गाठून खतपत्रे जाळली, आणि ते लोण नगर जिल्ह्यातही गेले, हेही आपल्याच लोकांचे आहे. जगडूशाबरोबर सुपेही मुलांना सांगावे असे माझे मत आहे. सगळ्याजणींना ते पटले नाही.

तर सोपाऱ्याला जाऊन पाहावे असे बरेच दिवस मनात होते. गेल्या पौषात सासूबाई, मी, माझी मुलगी आणि पाठशाळेतल्या दोन मुली त्यांच्या आयांसह निघालो. वडाळा रोडहून हार्बरची गाडी धरून अंधेरी, तिथे बदलून विरार लोकल. सकाळी उलट्या दिशेला गर्दी कमी असते, बसायला मिळते. सोबत दशम्या, खाकरे, कोरडी चटणी आणि उकळलेले पाणी. चौविहाराच्या आत घरी यायचे होते, म्हणून नवकारशी करून लगेच निघालो.

नाळे आणि सोपारा ही दोन गावे, स्टेशनने त्यांचे एक नाव केले. स्टेशनबाहेर पाहिले तर हे प्राचीन बंदर आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. रिक्षा, दुकाने, एकाला एक चिकटलेल्या इमारती. पश्चिमेला सोपारा गावाकडे जाऊ लागलो की मधूनच केळीची बाग येते, विहीर येते, जुने कौलारू घर येते. समुद्र दिसत नाही. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, आणि या दोन्हींच्या मधल्या खाड्यांतून एके काळी जहाजे गावापर्यंत येत. खाड्या गाळाने भरत गेल्या आणि बंदर जागच्या जागी सुकले. १०९४ सालच्या एका ताम्रपटात शिलाहार राजा अनंतदेव दोन शेठ-प्रधान भावांच्या मालाला ज्या बंदरांत जकात माफ करतो, त्यांत ठाणे आणि चौलबरोबर शूर्पारक अजून आहे. पुढे ठाणे, चौल आणि वसई मोठी झाली, आणि सोपाऱ्याकडे तळी उरली.

चक्रेश्वर तळे त्यांतले मुख्य. बंदरातून उरलेले पाणी असेच मला ते वाटले, जरी तळे आणि खाडी वेगळ्या गोष्टी आहेत. काठावर चक्रेश्वर महादेवाचे मंदिर आहे आणि जुन्या मूर्ती आहेत. उभ्या ब्रह्मदेवाची मोठी मूर्ती तर थांबून पाहण्यासारखी. आमच्यातल्या एकीला लगेच सुचले, चक्रेश्वर म्हणजे चक्रेश्वरी, आदिनाथांची शासनदेवी! त्यात जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात विविधतीर्थकल्पात सोपाऱ्याला चौऱ्याऐंशी तीर्थांत गणले आहे आणि इथल्या ऋषभदेवांच्या प्रतिमेचा उल्लेख केला आहे, हे मीच गाडीत सांगितलेले. पण नावाच्या साम्यावर मंदिर आपले ठरत नाही. मंदिर महादेवाचे आहे, गाव तिथे पिढ्यान्‌पिढ्या पूजा करते. ऋषभदेवांची ती प्रतिमा आता तिथे नाही, इतकेच म्हणता येते.

हे मी जरा जोर देऊन लिहिते आहे, कारण आपल्या गटांमध्ये असे संदेश फिरतात. अमुक लेणे मुळात जैन, तमुक स्तूप मुळात जैन. सोपाऱ्याचा स्तूप बौद्धांचा आहे. त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणतात. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांचा कुणी राजा इथे होऊन गेला अशी गावाची समजूत होती. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी आणि गॅझेटियरचे संपादक कॅम्पबेल यांनी तो टेकाड खणला. आत दगडी पेटी निघाली. पेटीत मध्यभागी तांब्याचा करंडा आणि त्याभोवती आठ लहान धातूच्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा करंडा. पेटीत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. आणि त्या सोन्याच्या करंड्यात काय होते? सोन्याच्या फुलांबरोबर मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपले असावेत असे भगवानलालजींनी मानले.

आमच्या मुलींना हे तुकडे फार आवडले, न पाहताच. पाच करंडे, एकात एक, आणि आत मातीच्या खापऱ्या. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पात्राचंच मोल असतं.’’ आपल्या साधूंचे पात्र लाकडाचे, त्यांचे मातीचे. ज्या गावात ईश्वरीने पात्रात भात घातला असे आपण सांगतो, त्याच गावाने दुसऱ्या एका पात्राचे तुकडे सोन्यात ठेवले होते. तो स्तूप आपला ठरवून आपल्याला काय मिळणार? शेजाऱ्याच्या घरातही कुणीतरी भिक्षा वाढत होते हे कळणे मला जास्त मोलाचे वाटते.

भगवानलालजींविषयी दोन ओळी लिहायलाच हव्यात. जन्म १८३९ चा, जुनागढचा. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख पाहत मोठे झाले, तो वाचायला शिकले, पुढे मुंबईत वाळकेश्वरला राहिले आणि १८८८ साली वारले. इंग्रजी शाळेत न शिकलेल्या या माणसाची तपासणी युरोपातले पंडित प्रमाण मानत. स्तूप खणला त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्याला भाटेळा तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला.

त्या दिवशी सोपाऱ्याहून आम्ही आगाशीलाही गेलो, कारण सासूबाईंना मुनिसुव्रतस्वामींचे दर्शन घेतल्याशिवाय परत यायचे नव्हते. माझे माहेर स्थानकवासी, सासर मंदिरमार्गी, त्यामुळे अशा ठिकाणी मी हात जोडते आणि बाकीचे त्यांच्यावर सोपवते. तिथली प्रतिमा सोपाऱ्याच्या तळ्यातून मिळाली असे तिथे सांगतात, आणि मंदिराशी भायखळ्याचे आदिनाथ मंदिर बांधणाऱ्या मोतीशा शेठांचे नाव जोडतात. मोतीशा जहाजांचे मालक होते. जमशेटजी जीजीभाईंबरोबर त्यांची चीनशी उलाढाल चाले, आणि त्या जहाजांत कापसाबरोबर अफूही असे. पालिताण्याची टुंक, मुंबईची पांजरपोळ आणि अफू, एकाच माणसाच्या वहीत. वाटेत मुलींना मी हेही सांगितले. सूर्य बुडायच्या पाऊण तास आधी आम्ही घरी पोहोचलो.

सोपाऱ्याचे धन मात्र सोपाऱ्यात नाही, आणि गंमत अशी की ते आपल्या वडाळ्याला अधिक जवळ आहे. स्तूपातले करंडे आणि मूर्ती फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीकडे आहेत. आठव्या शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पंधरा दिवसांनी एका दुपारी सासूबाईंना आणि मुलीला घेऊन संग्रहालयात गेले. तुकड्यावर थोडीच अक्षरे उरली आहेत. पूर्ण मजकूर गिरनार वगैरे ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या मौजेसाठी सहली काढत, आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षानंतर धर्मयात्रा सुरू केल्या, ज्यांत ब्राह्मण-श्रमणांची भेट, वृद्धांना दान आणि लोकांशी बोलणे असते. श्रमणांत आपलेही साधू आले, हे सासूबाईंना आवडले.

मग मी त्यांना भुईगावच्या नवव्या लेखाचे सांगितले. त्यात अशोक म्हणतो की आजारपणात, लग्नात, मुलाच्या जन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, आणि बायका तर फारच क्षुल्लक आणि निरर्थक विधी करत बसतात. खरे मंगल म्हणजे नोकर-चाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांबाबत संयम आणि दान.

सासूबाईंनी ऐकून घेतले. तेवीस वर्षांपूर्वी माझा मुलगा तापाने फणफणला होता, तेव्हा रात्रभर त्याच्या उशाशी नवकार म्हणत, मधून मधून मीठ-मोहरी ओवाळून टाकणाऱ्या याच होत्या.

‘‘बरोबर सांगितलंय राजानं,’’ त्या म्हणाल्या. मग काचेतल्या दगडाकडे पुन्हा एकदा पाहून, ‘‘त्याची मुलं आजारी पडली की रात्री कोण जागत होतं, ते लिहिलंय का कुठं?’’